हरतालिकेचा उपास, पाळीची गोळी आणि शिशाचा रिपोर्ट

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या ३४ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र. चार वर्षांपासून त्यांना अधूनमधून पोटात जीवघेण्या कळा येतात. दोन-तीन दिवस उलट्या, बद्धकोष्ठ, छातीत धडधड, वाढलेलं बीपी. सोनोग्राफी, सीटी, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल. अपेंडिक्स काढून झालं, फरक नाही. 'टेन्शन आहे' म्हणून गोळ्याही झाल्या. सगळ्यात वाईट झटका गेल्या गौरी-गणपतीत आला. आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यात हरतालिकेचा निर्जळी उपास. तेव्हा लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. त्यांची आत्या तरुणपणी अशाच पोटदुखीनंतर हातापायांतली ताकद जाऊन वारली. पोटासाठी एका वैद्यांकडची पुडी आठ महिने चालू आहे. आता एका 'डिटॉक्स' केंद्राने केस आणि लघवी तपासून शिसं, पारा, आर्सेनिक तिन्ही जास्त आणि लघवीत कोप्रोपॉर्फिरिन (शरीरात 'हीम' बनताना तयार होणारा एक पदार्थ) वाढलेलं दाखवलं आहे. निदान : 'हेवी मेटल टॉक्सिसिटी व त्यामुळे पॉर्फिरिया'. उपचार : पाच दिवस फक्त रस, मग २० कीलेशन सलाइन (धातूंना बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध), सोबत क्लोरेला, झिओलाइट, अल्फा लिपोइक ॲसिड, हाय डोस बी-कॉम्प्लेक्स आणि यकृतशुद्धीचा काढा. दीड लाखांपैकी निम्मे पैसे भरले आहेत, सोमवारी सुरुवात आहे. त्या विचारतात, "शरीरातलं विष बाहेर काढायला हरकत काय? निदान अपाय तर नाही ना?"

उत्तर : सोमवार पुढे ढकला. सलाइनचं नंतर पाहू, पण पाच दिवसांचा रसाहार तर मुळीच नको. तुमच्या पत्रातली शंका खरी निघाली, तर तो रसाहारच तुम्हाला आयसीयूत पोचवू शकतो.

तुम्ही केंद्राच्या रिपोर्टबद्दल दोन पानं लिहिलीत आणि गौरी-गणपतीतल्या झटक्याबद्दल दोन ओळी. मला त्या दोन ओळी जास्त महत्त्वाच्या वाटतात. उपास, पाळी पुढे ढकलायची गोळी, गडद लघवी, प्रत्येक तपासणी नॉर्मल आणि आत्याचा तसा मृत्यू. हे सगळं एकत्र आलं की ॲक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा विचार करावाच लागतो. तुम्हाला तो आहेच असं मी म्हणत नाही. पण तो तपासायची योग्य चाचणी अजून कुणीच केलेली नाही, केंद्रानेही नाही.

आपलं यकृत 'हीम' नावाचा पदार्थ आठ टप्प्यांत बनवतं. या आजारात तिसऱ्या टप्प्याचं एन्झाइम जन्मापासून निम्मंच असतं. एरवी तेवढ्यावर भागतं. उपाशी राहिलं, दारू घेतली, काही औषधं किंवा प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं शरीरात गेली की पहिला टप्पा जोरात चालू होतो. नळ पूर्ण सोडलेला आणि मोरी तुंबलेली, अशी अवस्था होते. मधे साचतात ते एएलए आणि पीबीजी हे दोन पदार्थ. त्यांचा, त्यातही एएलएचा, त्रास मज्जातंतूंना होतो. म्हणून पोट दुखतं, पण सोनोग्राफीत काही दिसत नाही. धडधड, बीपी, बद्धकोष्ठ हेही त्याच मज्जातंतूंमुळे. पाळी पुढे ढकलायच्या बहुतेक गोळ्यांमध्ये नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचाच कृत्रिम भाऊबंद. त्यावर निर्जळी उपास. तुमचे बाकीचे झटके पाळीच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत येतात का, हे कॅलेंडर काढून पाहा. या आजारात ते अनेकींच्या बाबतीत तसंच असतं.

आता शिशाकडे, कारण शिसं हा या आजाराचा पक्का बहुरूपी आहे. ते याच साखळीतला दुसरा आणि शेवटचा टप्पा अडवतं. त्यामुळे शिशाच्या विषबाधेतही पोटात कळा, बद्धकोष्ठ, हाताची ताकद जाणं हे सगळं होतं, लघवीत एएलए आणि कोप्रोपॉर्फिरिन वाढतं. पीबीजी मात्र नॉर्मल किंवा किंचितच जास्त राहतं. फरक ओळखायची किल्ली हीच, आणि केंद्राच्या रिपोर्टमध्ये नेमकं पीबीजीच नाही. नुसतं कोप्रोपॉर्फिरिन वाढण्याला फारसा अर्थ नाही. यकृताचा त्रास, दारू, काही औषधं, साधा उपास, कशानेही ते वाढतं. त्यावरून 'पॉर्फिरिया' लिहिणं म्हणजे ताप पाहून टायफॉइड लिहिण्यासारखं आहे.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॉर्फिरिया आहे का? आणि शिसं खरंच वाढलंय का? दोन्हींची उत्तरं दोन साध्या चाचण्या देतात, आणि त्यांचा खर्च तुमच्या पॅकेजच्या जवळपासही जात नाही.

लघवीतलं पीबीजी. नमुना कळा चालू असतानाच घ्यायचा. चोवीस तासांची लघवी जमवायची गरज नाही, एका वेळची २०–३० मिलि पुरते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'पीबीजी, एएलए आणि क्रिएटिनिन, स्पॉट युरिन' असं लिहून घ्या. क्रिएटिनिन विसरू नका. खूप पाणी प्यायलं किंवा सलाइन लागलं की लघवी पातळ होते आणि आकडा खोटा कमी दिसतो, क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढलं की तो सुधारतो. बाटलीला लगेच ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, कारण उजेडात पीबीजी टिकत नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फासोबत पाठवा. पोचायला दिवसाहून जास्त लागणार असेल तर गोठवून. मोठ्या प्रयोगशाळांची संकलन केंद्रं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, पण तिथल्या मुलाला फॉइलची गोष्ट ठाऊक असेलच असं नाही. स्वतः लक्ष द्या. बाटली आणि फॉइल आजच घरात आणून ठेवा. रात्री दोनला कळ आली तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच नमुना घ्या. शक्यतो ग्लुकोजचं सलाइन लागायच्या आधी, पण त्यापायी उपचार थांबवायचे नाहीत.

झटक्यात पीबीजी वाढतं ते थोडंथोडकं नाही, सहसा नॉर्मलच्या दहापटीच्या पुढे. ऐन कळांमध्ये नीट घेतलेल्या नमुन्यात ते नॉर्मल आलं, तर त्या दुखण्याचं कारण हा आजार नाही असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. पण बरं वाटत असताना नॉर्मल आलं तर निष्कर्ष काढू नका. वाढलेलं आलं तर पुढची पायरी एचएमबीएस जनुकाची, म्हणजे त्या तिसऱ्या टप्प्याच्या एन्झाइमच्या जनुकाची, तपासणी. लघवी उन्हात ठेवून रंग पाहायची जुनी युक्ती पुराव्याला पुरत नाही.

रक्तातलं शिसं. शिरेतून घेतलेलं रक्तच हवं. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळू शकतं. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा जास्त आला की स्रोत शोधायचा आणि बंद करायचा. पण पोटात इतक्या कळा शिशामुळे असतील तर आकडा सहसा ४० च्या वर असतो. तुमचा ७ आला तर शिशाचा शोध जरूर घ्या, पण तुमच्या पोटदुखीचं कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवू नका.

मग केंद्राच्या कागदावर तिन्ही धातू लाल रंगात का? केसांना डाय, शाम्पू, कुंकू, सिंदूर, धूळ सगळं चिकटतं, आणि ते बाहेरचं की आतलं हे चाचणी सांगत नाही. लघवीच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की 'आधी एक कॅप्सूल दिली आणि सहा तासांनी लघवी घेतली'. ती कॅप्सूल कीलेटरची, म्हणजे कीलेशनच्या औषधाची, असणार. कीलेटर घेतला की निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात, कारण थोडं शिसं आणि पारा आपल्या सगळ्यांच्याच शरीरात असतो. रिपोर्टच्या शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा मात्र औषध न घेतलेल्या माणसांची. म्हणजे तुलनाच चुकीची. अमेरिकेतल्या विषवैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने अशा चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे.

आर्सेनिकचं तुम्हा कोकणवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. कोळंबी, खेकडे, बांगडा, सुरमई यांत आर्सेनोबिटेन नावाचं निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिक असतं. आदल्या दिवशी कोळंबीचं कालवण झालं असेल तर लघवीतलं एकूण आर्सेनिक वाढलेलं दिसणारच. पुन्हा तपासायचंच असेल तर आधी पाच दिवस समुद्री मासळी बंद, किंवा प्रयोगशाळेला अजैविक आर्सेनिक वेगळं मोजायला सांगा.

आता ती पुडी. आयुर्वेद वाईट की चांगला, या वादात मला शिरायचं नाही. पण 'भस्म शुद्ध केलेलं असलं की धातू उरत नाही' हे गृहीतक रक्ताच्या रिपोर्टसमोर टिकत नाही. रसौषधीत धातू चुकून येत नाही, तो मुद्दाम घातलेला असतो : नागभस्मात शिसं, रससिंदूर आणि कज्जलीत पारा, हरताळ आणि मनशिळेत आर्सेनिक. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे पाचातल्या एका उत्पादनात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. निव्वळ वनस्पतिजन्य औषधांसाठी आपल्याकडची मर्यादा शिशाला १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिकला ३, पाऱ्याला १ आणि कॅडमियमला ०.३ अशी आहे. पण कागदाच्या पुडीवर नाव-गाव काहीच नसतं. पुडी आजपासून बंद. फेकू मात्र नका. उरलेल्या पुड्या कोरड्या डबीत ठेवा. रक्तातलं शिसं वाढलेलं निघालं तर त्या प्रयोगशाळेत तपासता येतील. वैद्यांना घटकांची यादी लेखी मागा. पोटाच्या कळा पुडी सुरू होण्याच्या तीन वर्षं आधीपासून आहेत, हेही लक्षात असू द्या. पुडीने नवा त्रास जोडला असेल, पण जुन्याचं कारण ती असू शकत नाही.

घरातले बाकीचे स्रोतही पाहा : जुन्या घराचा पापुद्रे सुटलेला ऑइलपेंट (सजावटीच्या रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली), सुटी पिवळीधमक हळद (लेड क्रोमेटची भेसळ), सुरमा, बॅटरी-दुरुस्तीचं काम, आणि कथलाऐवजी शिसं मिसळून केलेली भांड्यांची कल्हई.

कीलेशन हे खरं औषध आहे, म्हणूनच ते सरसकट देण्यासारखं नाही. प्रौढांत रक्तातलं शिसं खूप वर गेलं, साधारण ७० च्या पुढे, किंवा त्याखालीही ठळक लक्षणं असली, तर तज्ज्ञ त्याचा निर्णय घेतात. तोंडाने द्यायचं डीएमएसए असेल तर वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, पाच दिवस रोज तीनदा, मग चौदा दिवस रोज दोनदा. मधे रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या. कोर्स संपला की हाडांतलं शिसं रक्तात उतरतं आणि आकडा पुन्हा चढतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत मोजायचं. आणि स्रोत चालू असताना, म्हणजे पुडी खात खात, कीलेशन करणं म्हणजे पैसे आणि मूत्रपिंड दोन्ही खर्ची घालणं.

सलाइनच्या बाटलीवर नेमकं काय लिहिलंय ते विचाराच. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए आणि नुसतं डायसोडियम ईडीटीए ही वेगळी औषधं आहेत. दुसरं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हृदय बंद पडू शकतं. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत असे तीन मृत्यू नोंदले गेले, त्यात दोन लहान मुलं होती. 'वीस सलाइनचं पॅकेज' ही कल्पनाच संशयास्पद आहे. खऱ्या कीलेशनमध्ये किती डोस लागतील हे मधल्या रिपोर्टवर ठरतं, पावतीवर नाही.

सप्लिमेंटबद्दल पटकन. क्लोरेला पाण्यातलं शेवाळ आहे, पाण्यात धातू असले तर तेच शोषून घेतं. शरीरातून शिसं काढतं याचा भरवशाचा पुरावा नाही. झिओलाइट हे खनिज आतड्यातून शोषलंच जात नाही, तर हाडांतल्या शिशाला हात कुठून लावणार? कोथिंबिरीचा रस आवडत असेल तर प्या, औषध समजू नका. अल्फा लिपोइक ॲसिड माणसांत धातू काढतं हे सिद्ध नाही, आणि ते साखर उतरवू शकतं. (बाटलीवर त्याचंही लघुरूप 'एएलए' असतं. लघवीच्या रिपोर्टमधलं एएलए वेगळं, गल्लत करू नका.) बी-६ मोठ्या डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. मग पुढे तुमच्या हातात अशक्तपणा आला, तर तो पॉर्फिरियाचा की गोळीचा, हे ओळखताना डॉक्टरांचाच गोंधळ होईल. यकृतशुद्धीच्या काढ्यात काय आहे हे कळत नाही, म्हणून तो पॉर्फिरियाच्या औषधयादीशी ताडूनही पाहता येत नाही. तेवढं कारण पुरे.

घेण्यासारखं खरंच काही आहे का? आहे, पण कंटाळवाणं आहे. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासा, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या. रोज दूध-दही, नाचणी खा. एवढंच.

पीबीजी वाढलेलं आलं तर. मग उपास बंद, म्हणजे निर्जळी, 'फक्त फळं', कीटो, इंटरमिटंट फास्टिंग, सगळंच. देवाला साबुदाण्याची खिचडी चालते आणि तुमच्या यकृतालाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळी कर्बोदकंच. उपाशी पोट मात्र चालत नाही. दिवसातल्या निम्म्याहून थोड्या जास्त कॅलरी भात-भाकरी-पोळीतून याव्यात, जेवणं चुकवू नयेत. कळ सुरू होतेय असं वाटलं की ग्लुकोज पावडर, साखरेचं पाणी, पेज घेत राहा. उलट्या होऊन काही टिकत नसेल तर रुग्णालय.

तिथे काय सांगायचं? रोज किमान ३०० ग्रॅम ग्लुकोज शिरेतून, १० टक्क्यांच्या द्रावणाने, आणि रक्तातलं सोडियम रोज तपासून. या आजारात सोडियम घसरतं, नुसतं ५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजच, पण पातळ) लिटरच्या लिटर चढवलं तर ते आणखी घसरून फिट येऊ शकते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि गरज पडली तर मॉर्फिन चालतं, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन. टाळायची नावं : फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट, सल्फाची अँटिबायोटिक्स, रिफॅम्पिसिन, ग्रिसिओफुल्विन, प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या, भूल देताना थायोपेन्टोन. यादी याहून बरीच लांब आहे. नॉर्वेतल्या बर्गेनच्या पॉर्फिरिया केंद्राचा औषधकोश इंटरनेटवर मोफत आहे, तुमच्या डॉक्टरांना त्याचा पत्ता द्या.

झटका जोराचा असेल, हातापायांत अशक्तपणा, भ्रम, फिट, आवाज बसणं किंवा श्वासाला त्रास असेल, तर खरं औषध हेमिन, म्हणजे शिरेतून दिलेलं हीम : किलोला ३–४ मिलिग्रॅम, रोज एकदा, चार दिवस. ५० किलोच्या बाईला रोज १५०–२०० मिलिग्रॅम. छोट्या शिरेतून दिलं तर शीर सुजते, म्हणून मोठी शीर, आणि शक्य असेल तर अल्ब्युमिनमध्ये मिसळून. ते गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणार नाही, बाहेरून मागवावं लागतं. म्हणून निदान पक्कं झालं की पुढच्या झटक्याची वाट न पाहता मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संपर्क करा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ते मान्यताप्राप्त केंद्र आहे, या आजारासाठी हेमिनचा उल्लेख त्या धोरणात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर मदतीची मर्यादा ५० लाख आहे. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी गिवोसिरान नावाचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आहे, पण किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते.

दुसऱ्या वाचकांसाठी एक सावधगिरी : हातांच्या पाठीवर उन्हाने फोड येणारा पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा हा वेगळा प्रकार आहे. त्यात पोट दुखत नाही. लोह तिथे शत्रू असतं, उपचार म्हणजे ठरावीक दिवसांनी सुमारे ४५० मिलि रक्त काढणं. वर सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी घेऊ नयेत.

केंद्रात भांडायला जाऊ नका. लेखी कळवा की पीबीजी आणि रक्तातल्या शिशाचा रिपोर्ट येईपर्यंत उपचार स्थगित ठेवत आहे, पैशांची पावती आणि दिलेल्या कॅप्सूलचं नाव हवं आहे. भावाला आणि आत्याच्या मुलांना आत्ताच घाबरवू नका. तुमचं जनुक सापडलं तर मात्र त्यांना तपासायला सांगा. जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकही झटका येत नाही, पण कोणत्या गोळ्या टाळायच्या हे त्यांना ठाऊक असलेलं बरं. रिपोर्ट आले की मला आकडे कळवा, पीबीजीचा क्रिएटिनिनसकट.